प्रतिसाद: मेंदूतलं पाणी नुसती उशी नाहीये

वर एकांनी लिहिलंय की मेंदूतलं पाणी म्हणजे धक्का बसू नये म्हणून असलेली उशी. तेवढंच नाहीये हो! ते पाणी बनवणारा कोरॉइड प्लेक्सस, म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांमधली झालरीसारखी जाळी, दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी करते आणि एका वेळी असतं जेमतेम 150 मिली, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळं बदलतं. त्यात ती रासायनिक निरोपही सोडते. गर्भात असताना आयजीएफ-2 हे वाढीला चालना देणारं प्रथिन सोडते, त्याने पोकळीच्या कडेच्या मूळपेशी वाढतात. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते ओटीएक्स-2, उंदरांत हा जीन इथे चालू असतो आणि त्याचं प्रथिन पाण्यातून पार दृष्टीच्या भागापर्यंत पोचतं, इथला कमी केला तर प्रौढ उंदरातही तिथली लहानपणची लवचीकता परत येते.

आता इजेचं. माझा भाचा सातव्या महिन्यात झाला, मेंदूत रक्तस्राव, नर्स रोज टेपने डोकं मोजायची आणि आकडा जरा वाढला की बहिणीचं तोंड उतरायचं. तेव्हा कळलं ते एवढंच की रक्ताच्या गुठळीने या पाण्याची वाट तुंबते, ते साचतं आणि डोकं वाढतं. ते खरंच आहे, पण 2017 मध्ये रॅटवर दिसलं की रक्तामुळे प्लेक्ससमधला टीएलआर-4, म्हणजे धोका ओळखणारा सेन्सर, चेततो, त्यातून एनएफ-कप्पा-बी हे दाह पेटवणारं प्रथिन, आणि शेवटी एनकेसीसी-1 नावाचा पंप जोरात चालून पाणीच जास्त बनतं. मग पंप बंद करायचं औषध द्या असं लगेच म्हणू नका, कारण नवजात उंदरांत हाच पंप उलट पाणी काढून घेताना दिसलाय.