वाड्याच्या सागवानी सज्जाचे लाकूड बदलावे लागेल काय?

प्रश्न: सोलापुरातील आमच्या वाड्याचा दरवाजा आणि सज्जा पश्चिमेकडे असून, जुने व्हार्निश पापुद्र्यांनी सुटत आहे आणि नखाने खरवडल्यास करडा भुगा हाताला लागतो. आजोबांनी जपलेले हे लाकूड वाचेल काय?

उत्तर १: बदलण्याची घाई कृपया करू नये. उन्हातील अतिनील किरणांमुळे लिग्निनचे, म्हणजे लाकडाचे तंतू एकत्र बांधणाऱ्या घटकाचे, विघटन केवळ वरच्या थरात होते. आतला साग बहुधा शाबूत असतो. चौकटीच्या तळाशी, जिथे पाणी मुरते, तिथे टोच्या टोचून पाहावा आणि तो सहज रुतला तरच तेवढा तुकडा सुताराकडून बदलून घ्यावा. पुढे ८० व नंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनेच फिरवावा.

उत्तर २: खाली जुना ऑइलपेंट निघाल्यास त्यात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.

उत्तर ३: उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० अंशांपुढे जातो, लाकूड आकसते आणि कडक व्हार्निश तडकते, म्हणून मी जवसाच्या उकळलेल्या तेलाचे (तयार मिळणाऱ्या ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’चे) पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन, देणे पसंत करतो. तेलाची फडकी मात्र गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेतात. मोकळ्या जागी पसरून वाळवावीत.