‘कॉन्सल’ला मराठीत काय म्हणावं?

एका कथेचा अनुवाद करते आहे. नायिका व्हिसाच्या खिडकीपाशी उभी, काचेपलीकडे ‘कॉन्सल’. कोशात ‘वाणिज्यदूत’ सापडला, पण तो व्यापारी वाटतो. ‘राजदूत’ चालेल?

— ‘राजदूत’ अजिबात नको. राजदूताचं काम सरकारशी, कॉन्सलचं माणसांशी. १९६३ च्या व्हिएन्ना करारात त्याची कामं दिली आहेत: आपल्या नागरिकांना पासपोर्ट, परक्यांना व्हिसा, जन्ममृत्यूच्या नोंदी, परमुलखात वारलेल्याच्या मालमत्तेची काळजी, तुरुंगात पडलेल्याची भेट. पूर्वी बंदरांतल्या आपल्या व्यापाऱ्यांचं हित तो पाहायचा, म्हणून ‘वाणिज्यदूत’ चुकीचा नाही. पण कथेत तो शब्द खडा लागल्यासारखा लागतो. सरळ ‘कॉन्सल’ ठेवा.

आणि खिडकीत खरंच कॉन्सलच आहे ना, ते मूळ कथेत पुन्हा बघा. मेनोत्तीच्या ‘द कॉन्सल’ (१९५०) या ऑपेरात अर्जदारांना भेटते ती सेक्रेटरी, कॉन्सल समोर येतच नाही. मला ते फार खरं वाटतं. बहुतेक कथांत मात्र एक साहेब, एक शिक्का आणि निकाल! कागदांची चळत पुन्हापुन्हा लावणं, स्कॅनरवर घामेजलेलं बोट न उमटणं, हे कुणी लिहीतच नाही. आना सेगर्सच्या ‘ट्रान्झिट’ या कादंबरीत नाझींपासून पळून मार्सेय बंदरात अडकलेल्यांचा एक कागद हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपते. व्हिसाची खरी यातना ती.

— ‘वकिलात’ विसरू नका. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारातला प्रतिनिधी. गोविंदराव काळे निजामाकडे पेशव्यांचे वकील होते. काटेकोरपणे वकिलात म्हणजे एम्बसी, पण पात्राच्या तोंडी ‘वकिलातीत खेटे घातले’ शोभून दिसतं.

व्हिसाला ‘प्रवेशपरवाना’ म्हणणं मात्र टाळा. व्हिसा असूनही सीमेवरचा अधिकारी माघारी पाठवू शकतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता ‘पाहिलेला’, म्हणजे तपासलेला कागद. बोलताना आपण ‘व्हिसा झाला’ म्हणतो, तेच लिहा.

— मूळ कथा पुन्हा पाहिली. खिडकीत साधी कारकून आहे, कॉन्सलची फक्त सही. वाक्य आता असं केलंय: ‘काचेखालच्या फटीतून पासपोर्ट परत आला. व्हिसा झाला होता की नाही, हे उघडून बघायचा तिला धीर होईना.’