गुडघ्याएवढ्या भिंतींचा रोमन किल्ला, एवढं काय जपायचं त्यात?

देवगडची_पोर:
मावसभाऊ इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला असतो, त्याने तिथल्या रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीवरच्या हाउसस्टेड्स किल्ल्याचे फोटो पाठवले. भिंतीचं काम इ.स. 122 ला सुरू झालं, पण किल्ल्यात आता बहुतेक नुसती जोतीच दिसतात, तरी तिथे परवानगीशिवाय खड्डासुद्धा काढता येत नाही म्हणे. आमच्या विजयदुर्गाची तटबंदी अजून उभी आहे, त्याचं महत्त्व कळतं, पण जोत्यांचं एवढं काय?

किल्लेवेडा_रत्नागिरी:
अगं जोत्यांवरूनच तर सगळं कळतं! साधारण 800 सैनिकांची छावणी, धान्यकोठाराची जमीन खांबांवर उचललेली म्हणजे खालून वारा खेळून धान्य कोरडं राहील, दवाखाना, पाण्याने धुतले जाणारे संडास, सगळं जागेवर. आणि तिकडचा 1979 चा कायदा दिसणाऱ्या दगडांइतकाच खालच्या मातीलाही जपतो, विनापरवाना मेटल डिटेक्टर फिरवला तरी गुन्हा. जवळच विंडोलांडा या दुसऱ्या रोमन किल्ल्यात 1973 पासून ओल्या मातीत शाईने लिहिलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या मिळाल्या, एकीत एका अधिकाऱ्याच्या बायकोने मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावलंय!! हवा लागली असती तर कधीच कुजून गेल्या असत्या.

मालवणकर७:
तिथेही लोकांनी दगड नेलेच की. स्कॉटलंडमधल्या 1745 च्या बंडानंतर लष्करी रस्ता केला त्यात भिंतीचे दगड गेले, मग जॉन क्लेटन नावाच्या माणसाने जमिनीच विकत घ्यायला सुरुवात केली, 1838 ला हाउसस्टेड्स घेतलं, म्हणून एवढं तरी उरलं. आपल्याकडे पडक्या वाड्याचे चिरे कुणी गडग्याला लावले तर त्या वाड्याचा नकाशाच गेला, तो परत कुठून आणणार?

देवगडची_पोर:
हे पटलं. मग आपल्या किल्ल्यांवर साफसफाईच्या मोहिमेत झाडी काढताना जोतं किंवा खापरं दिसली तर काय करायचं? आमची पोरं उत्साहाने लगेच उकरायला घेतात.

किल्लेवेडा_रत्नागिरी:
अजिबात उकरू देऊ नकोस गं. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, प्राचीन स्मारकांचा 1958 चा कायदा लागतो, आणि 2010 पासून हद्दीबाहेर 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामालाही बंदी, त्यापुढे 200 मीटर परवानगी लागते. 2025 ला हे तिन्ही युनेस्कोच्या यादीत गेलेत. मोहिमेआधी खात्याची लेखी परवानगी घ्या, खापर दिसलं तर उचलू नका, जागेवरच फोटो काढा आणि खात्याला कळवा. ते कुठल्या थरात होतं यावरूनच त्याचा काळ लागतो, एकदा पिशवीत टाकलं की ते नुसतं खापर.