मदत हवी आहे: दुतोंड्या मारुतीचा प्रोजेक्ट. सर एक सांगतात, मित्र दुसरंच, घाटावरच्या मावशी तिसरंच. ऐकायचं कोणाचं?

अर्धवट_सर्किट

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच माफी मागते.

आम्ही चौघं इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहोत. कॉलेज नाशिकमधलंच, नाव विचारू नका. आमच्या प्रोजेक्टचं खरं डोकं म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण, ती फाइन आर्टला आहे. ती आमच्या ग्रुपमध्ये कागदोपत्री नाही, पण तिच्याशिवाय हा प्रोजेक्ट झालाच नसता.

नाशिकबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दोन तोंडांचा मारुती उभा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातमीत क्युसेकचा आकडा येतो. तो ऐकून घरात कोणालाच काही कळत नाही. मग आजी विचारते, "मारुतीला कुठवर आलंय?" कोणीतरी सांगतं, "कंबरेला." लगेच सगळ्यांना कळतं. गळ्याला आलं की भांडीबाजार-सराफबाजाराकडच्या ओळखीच्यांना फोन सुरू होतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी, म्हणजे १०,००० क्युसेकला पावणेतीन-तीन लाख लिटर. गणित मला येतं, पण चित्र मारुतीच उभं करतो.

म्हणून आम्ही काचेसारख्या ॲक्रिलिकची टाकी केली. त्यात मारुती, मागे घाट आणि गल्ल्यांचं मॉडेल. पंपाने पाणी चढतं, वरून एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर पातळी मोजतो आणि ईएसपी-३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड त्याप्रमाणे गल्ल्यांतले एलईडी लावतो. बाजूच्या स्पीकरवर २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुराच्या आठवणी ऐकू येतात. त्या आम्ही घाटावर आणि बाजारात फिरून रेकॉर्ड केल्यात.

पहिली मूर्ती मैत्रिणीने शाडूची केली होती. गेली किती वर्षं आम्ही सगळे शाडूचा गणपती बादलीत विसर्जन करतोय, तरी चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पहिल्याच रिव्ह्यूत, सरांच्या समोर, मारुतीराय गुडघ्यापासून विरघळायला लागले. आता थ्रीडी प्रिंटची आहे.

खरी अडचण पुढे आहे.

गाईड सर म्हणाले, "यात नवीन काय? ॲप जोडा, एआय टाका, पुराचा अंदाज द्या." वर्गातले मित्र म्हणाले, "भारी." नक्की काय भारी विचारलं तर म्हणाले, "सगळंच." रविवारी टाकी उचलून घाटावर नेली. तिथे फुलं विकणाऱ्या मावशींनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, तुझं पाणी एकाच चालीनं चढतंय. पूर असा येतो का?" आणि गिऱ्हाईक आलं म्हणून त्या वळल्या.

सरांचं ऐकलं तर तीन आठवड्यांत ॲप होईल, पण मारुती कोपऱ्यात जाईल. मावशींचं ऐकायला पटतं, पण त्याचे मार्क कोण देणार? त्यात सेन्सरचं रीडिंग उड्या मारतंय ते वेगळंच. रिव्ह्यू टू तोंडावर आहे. अभिप्राय घ्यायचा कसा आणि त्यातलं घ्यायचं किती, कोणी सांगेल का?

नाना_वाइंडर

पोरी, आधी सेन्सरचं बघू, बाकीचं ज्ञान इथले विद्वान देतीलच.

तो अल्ट्रासॉनिक सरळ रेषेत बघत नाही. त्याचा झोत साधारण १५ अंशांचा असतो. टाकीच्या भिंती, मारुतीचं डोकं, पंपाने उठलेल्या लाटा, सगळीकडून त्याला प्रतिध्वनी मिळतो. डोकं पाण्याबाहेर असताना आणि बुडल्यावर रीडिंग वेगळं येत असणार. येतं ना? शिवाय त्याला दोन सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही आणि ओल त्याला मानवत नाही.

पण मला सांग, सेंटिमीटर हवेत कोणाला? तुझ्या आजीला पाय, गुडघा, कंबर, छाती, गळा एवढंच हवंय. मग टाकीच्या मागच्या कोपऱ्यात त्या पाच उंचीवर स्टेनलेस स्टीलचे पाच स्क्रू लाव आणि तळाला सगळ्यांसाठी मिळून एक कॉमन स्क्रू. पाणी स्क्रूला लागलं की सर्किट पूर्ण. फक्त त्यांना सतत करंट देऊ नकोस, स्क्रू खातो आणि पाण्यात बुडबुडे येतात. सेकंदातून एकदा क्षणभर दे, वाच, बंद कर. आमच्याकडे घरोघरच्या टाक्यांना हेच लावतो, आयुष्य गेलं त्यात.

अजून एक. एलईडीची पट्टी बोर्डावरूनच चालवत असशील तर थांब. ती पाच व्होल्टवाली रंगीत पट्टी पूर्ण पांढरी पेटली की एका दिव्याला ६० मिलिअँपपर्यंत लागतात. ६० दिवे म्हणजे साडेतीन अँपच्या वर. बोर्ड आपोआप रीसेट होतोय असं वाटत असेल तर कारण हेच. पट्टीला वेगळा सप्लाय दे, ग्राउंड दोन्हींचं एक कर.

अर्धवट_सर्किट

नाना काका, बोर्ड रीसेट होतो हे मी लिहिलंही नव्हतं! आम्ही दोन आठवडे कोडमध्ये चूक शोधत होतो.

शिकवणारी_बाई

मी पॉलिटेक्निकला शिकवते, म्हणून सरांची बाजू थोडी मांडते. रागावू नकोस.

"एआय टाका" हे सरांनी काढलेलं औषध आहे. दुखणं काय असावं ते मी सांगते. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक येणार, टाकी बघणार आणि विचारणार, "छान आहे, पण यात इंजिनिअरिंग कुठे आहे?" त्या वेळी तुमच्याबरोबर सरांनाही मान खाली घालावी लागते. त्यांना ती भीती आहे. औषध नको असेल तर घेऊ नका, पण दुखण्याचं उत्तर द्यावंच लागेल.

उत्तर तुमच्याजवळच आहे. जुना सेन्सर फेकू नका. त्याची वीस रीडिंगं आणि पट्टीने मोजलेली खरी उंची शेजारी शेजारी मांडा. किती चुकतो, कुठे चुकतो, मारुतीचं डोकं बुडताना काय होतं, याचा आलेख काढा. मग नानांचे स्क्रू लावून तोच प्रयोग परत करा. "आम्ही हे वापरलं, ते चुकलं, का चुकलं ते शोधलं, म्हणून हे घेतलं." एवढं व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नीट सांगितलंत तर ॲपची आठवण कोणाला येणार नाही. आणि पुराचा अंदाज देतो असं चुकूनही म्हणू नका. त्याला धरणाच्या विसर्गाबरोबर वाघाडी, नासर्डी या उपनद्या, शहरातले नाले, पाऊस, सगळ्याची कित्येक वर्षांची माहिती लागते. तीन आठवड्यांत जे होईल ते खोटं असेल.

सरांकडे "आम्हाला ॲप नको" म्हणत जाऊ नका. "सर, एक्स्टर्नलनी काय विचारलं तर आपण अडकू?" असं विचारा. मी गाईड म्हणून सांगते, असं कोणी विचारलं की आम्ही खुर्ची पुढे ओढतो.

चित्रकथी

मित्रांच्या "भारी"बद्दल. दोष त्यांचा नाही, प्रश्नाचा आहे. "कसं वाटलं?" विचारल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे जेवायला बसवून "भाजी कशी झालीय?" विचारलं तर खारट असली तरी कोणी बोलतं का? पण ताटात किती उरली ते दिसतंच.

मी इन्स्टॉलेशनची, म्हणजे जागेत मांडायच्या कलाकृतींची कामं करतो. पहिल्या दिवशी मी लोकांशी बोलतच नाही, लांब उभा राहून वही भरतो. कोण किती वेळ थांबलं, कुठे बोट दाखवलं, लहान मूल कशाला हात लावायला गेलं, कोण कोणाला बोलावून घेऊन आलं. तुमच्या टाकीजवळ लोक सरासरी किती वेळ थांबतात ते मोजलंय का?

नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांची एक पद्धत आहे, आम्ही ती मोडूनतोडून वापरतो. बघणाऱ्यांनी आधी फक्त काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग करणाऱ्याने आपल्याला पडलेले प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत दडवायचं नाही. म्हणजे "पाणी इतकं हळू का ठेवलंय?" असं नाही, तर "पाण्याचा वेग कसा ठरवला?" मत सगळ्यात शेवटी, तेही "एक सुचवू का?" असं विचारून. करणाऱ्याला नको म्हणायची मुभा. सुरुवातीला नाटकी वाटतं, हसू येतं. तरी वर्गातल्या सहा जणांना बसवून करून बघा.

अर्धवट_सर्किट

चित्रकथी दादा, आज कॉलेजच्या पॅसेजमध्ये टाकी ठेवली आणि मोजलं. बहुतेक लोक मिनिटभरात निघून गेले. पाणी तेव्हा जेमतेम मारुतीच्या पायाला लागलेलं असतं! म्हणजे कंबरेपर्यंत कोणी बघितलंच नाही. आम्ही दोन महिने गळ्याच्या पातळीवरचा आवाज एडिट करतोय.

टाकी ३० बाय ३० सेंटिमीटर आहे, डोक्यापर्यंत पाणी ३० सेंटिमीटर चढवावं लागतं. पंप तासाला २४० लिटरचा. मोठा पंप घेऊ का?

नाना_वाइंडर

मोठ्या पंपाने लाटा उठतील आणि गल्लीतले दिवे भिजतील. हिशोब कर. ३० गुणिले ३० गुणिले ३० म्हणजे २७ लिटर. पंप मिनिटाला चार लिटर देणार, तेही डब्यावर लिहिलेलं, उंचीवर चढवताना त्याहून कमी. म्हणजे सात मिनिटं धर. सात मिनिटं उभं राहायला लोक काय आरतीला आलेत?

तहानलेला कावळा विसरलीस का? टाकीत दगड भर. वीस लिटरची जागा भरून टाकलीस तर उरलं सात लिटर, दोन मिनिटांच्या आत काम.

चित्रकथी

नाना, दंडवत. आणि दगड नुसते नकोत, घाटाच्या पायऱ्याच करा! काळ्या दगडाच्या पायऱ्या खाली पुढे आलेल्या, वर मागे सरकत गेलेल्या. खाली पात्र अरुंद, वर रुंद. मग पाणी आधी झपकन चढेल आणि वर गेल्यावर पसरत सावकाश चढेल. मावशींची तक्रार निम्मी तिथेच मिटेल.

पंचवटीकर

माझं बालपण घाटावर गेलं. मावशी बरोबर बोलल्यात, पण त्यांचं म्हणणं चढण्यापुरतं नसावं. परत जाऊन विचार. पूर चढतो भराभर, उतरतो मात्र रेंगाळत. पाणी ओसरल्यावर जो गाळ राहतो, तो वास, ती खराट्याने केलेली सफाई, हे कोणाच्याच मॉडेलमध्ये नसतं. आणि नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं काय? आमच्या आजोबांच्या तोंडी मारुतीच्या पुढची खूण तीच असायची, पाणी घंटेला लागलं का. टाकीच्या मागे ते देऊळ ठेवा.

एक शंका. मारुती सारखा बुडवताय, त्यावर कोणी हरकत घेतली का?

अर्धवट_सर्किट

काका, आम्हालाही धाकधूक होती, म्हणून घाटावर एका आजोबांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, "तो दरवर्षी बुडतोच की. परत वर येतो, हे दाखवा." आमचा डेमो पाणी डोक्यावर गेलं की संपत होता. उतरणं आम्ही केलंच नव्हतं, पंप बंद करून बादलीने उपसायचो.

शिकवणारी_बाई

हे सगळं कुठे लिहून ठेवताय का? लॉगबुकमध्ये तारीख घालून लिहा. कोणी काय म्हटलं, आम्ही काय पाहिलं, काय बदललं, आणि काय ऐकूनही बदललं नाही व का. शेवटचा रकाना विसरू नका. "ॲप केलं नाही" हे तिथे कारणासकट लिहिलंत तर तो हट्ट वाटत नाही. आणि फाइन आर्टच्या मैत्रिणीचं नाव रिपोर्टमध्ये आभाराच्या पानावर ढकलू नका. मूर्ती, पायऱ्या, मांडणी तिची आहे, तसं आतल्या पानांत लिहा.

गल्लीतल्या दिव्यांखाली पाटी लावा की ही लोकांच्या आठवणींतली पाण्याची जागा आहे, प्रशासनाचा इशारा नव्हे. उद्या कोणी व्हिडिओ काढून पसरवला तर लोक घाबरतील.

अर्धवट_सर्किट

रिव्ह्यू टू झाला. अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी.

स्क्रू लावले, चालतात. आलेख दाखवला. मारुतीचं डोकं बुडताना जुन्या सेन्सरने मारलेली उडी त्यात इतकी स्पष्ट दिसते की सर पहिल्यांदा स्वतःहून टाकीजवळ आले. बाईंनी सांगितलेला प्रश्न विचारला. सर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "स्क्रूवर क्षार बसले तर काय कराल?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, पण हा प्रश्न आवडला. ॲपचा विषय त्यांनी सोडलेला नाही. "निदान एक वेबपेज तरी," म्हणाले. ईएसपी-३२ वरूनच साधं पान देता येतं, त्यावर फक्त मारुतीचं चित्र आणि पातळी. हे मान्य केलं.

सहा जणांना बसवून दादांची पद्धत केली. हसाहशी झाली, पण एकीने विचारलं, "आवाज कोणाचे आहेत हे कळायला हवंय का?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. आता प्रत्येक आठवणीआधी ते माणूस स्वतःच सांगतं की तेव्हा ते कुठे उभं होतं.

पायऱ्या लावल्यावर लोक मारुतीच्या गळ्यापर्यंत थांबतात. मावशींकडे परत नेली. चढताना त्या काही बोलल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, "हां. पण लई लवकर उतरवलंस."

नाना काका, पाणी सावकाश सोडायला काय लावू? साधी तोटी किलकिली केली तरी भसकन जातं.

नाना_वाइंडर

फिशटँकच्या दुकानात हवेच्या नळीला लावायचा प्लास्टिकचा बारीक कॉक मिळतो. टाकीत नळीचं एक टोक, दुसरं खाली बादलीत, मध्ये तो कॉक. तोंडाने ओढून पाणी सुरू कर आणि कॉक फिरवून धार बसव. दोन घे, एक गाळाने तुंबतोच. क्षारांचं सरांना सांग, व्हिनेगरमध्ये फडकं बुडवून पुसायचं.