हिवाळ्यात तलावातला मासा खरोखरच खोल पाण्यात जातो का?

प्रश्न : काठावरचा

थंडी पडल्यापासून गळाला मासा लागणे जवळपास बंद झाले आहे. मी ज्या तलावावर बसतो तिथे रोहू, मृगल आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) आहेत, शिवाय तलावाला मिळणाऱ्या नदीच्या संथ टप्प्यातही मी अधूनमधून गळ टाकतो. एरवी गढूळ असणारे पाणी आता इतके निवळले आहे की काठालगतच्या तळाचे दगड सहज दिसतात. पहाटे पृष्ठभागाचे तापमान १७ अंश सेल्सिअसच्या आसपास भरते. हिवाळ्यात तळाशी ऊब असते, म्हणून मासा खोलात जातो आणि गळ पहाटे तिथेच टाकावा, असे मी अनेकांकडून ऐकले आहे. त्याप्रमाणे बसूनही काही लागत नाही. हा सल्ला कितपत खरा आहे, आणि नदीलाही तो लागू पडतो का?

उत्तर १ : डोहकाठ

सल्ला खोटा नाही, पण तो दुसऱ्या प्रकारच्या तलावांचा आहे. गोडे पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. जिथे तलाव गोठतात तिथे ४ अंशांच्या आसपासचे पाणी तळाशी बसते आणि शून्याकडे झुकलेले पाणी हलके असल्यामुळे बर्फालगत वर राहते. अशा ठिकाणी तळाशी ऊब असते, हे अक्षरशः खरे आहे. आपले पाणी १७ अंशांचे आहे. या तापमानाला पाणी जितके गार तितके जड, त्यामुळे रात्री गारठलेले वरचे पाणी खाली बुडते, आणि हे रोज रात्री घडत गेल्याने उन्हाळ्यात तयार झालेले वर गरम आणि खाली गार असे थर मोडून वरपासून तळापर्यंत पाणी जवळजवळ एकाच तापमानाचे होते. खोलात जाऊन माशाला ऊब मिळतच नाही.

याचा आणखी एक परिणाम होतो, जो बहुतेक जण लक्षात घेत नाहीत. थर असतात तोवर तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि मासा वरच्या पाण्यातच अडकून राहतो. पाणी ढवळले गेले की तळापर्यंत प्राणवायू पोहोचतो आणि मासा वाटेल तिथे फिरू शकतो. म्हणजे हिवाळ्यात तो एका खोल जागी गोळा होण्याऐवजी विखुरण्याचीच शक्यता अधिक. तेव्हा एकाच जागी दिवसभर बसून राहण्यापेक्षा जागा बदलत राहिलेले बरे.

वेळेचे म्हणाल तर पहाट ही उन्हाळ्यातली चांगली वेळ आहे. या दिवसांत स्वच्छ ऊन पडल्यावर दुपारनंतर काठाचे उथळ पाणी, विशेषतः काळसर चिखलाच्या तळावरचे, मधल्या पाण्यापेक्षा थोडे अधिक तापते आणि मासा तिकडे सरकतो. दुपारी मंद वारा असेल, तर तो ज्या काठावर येऊन आदळतो तिथे वरचे कोमट पाणी लोटले जाते. बोचरा आणि जोराचा वारा असेल, तर मात्र आडोशाचा काठच धरावा.

मासा थंड रक्ताचा असल्याने पाणी १० अंशांनी उतरले की त्याच्या शरीराचे व्यवहार ढोबळमानाने निम्म्यावर येतात. एकदा खाल्लेले त्याला बराच वेळ पुरते, म्हणून चारा मूठभरच टाकावा आणि आमिष लहान लावावे. रोहूला १४ अंशांखालचे पाणी मानवत नाही. सायप्रिनस त्याहून बराच गारठा सोसतो. तुमच्या पाण्यात थंडी वाढेल तसा मी सायप्रिनसवर भर देईन.

खोल पाण्याचे तापमान अंदाजाने ठरवू नका. बाटलीला शिशाचे वजन बांधा, सैल बूच बसवून त्यालाही दोरी अडकवा, हव्या त्या खोलीवर बाटली पोहोचली की झटका देऊन बूच काढा, आणि भरलेली बाटली वर येताच तापमापी आत बुडवा. काठाच्या आणि खोल पाण्याचे असे दोन आकडे दुपारी घेतले की उत्तर तुमच्याच हातात येईल.

उत्तर २ : प्रवाही

तलावाबद्दल वर नेमके लिहिले आहे. नदीत वाहते पाणी सतत मिसळत असल्याने थर टिकतच नाहीत, त्यामुळे तिथे ऊब शोधण्यापेक्षा विसावा शोधावा. गारठलेला मासा प्रवाहाशी झुंजत ताकद घालवत नाही. तो मोठ्या दगडाच्या मागे, वळणाच्या आतल्या बाजूला किंवा डोहाच्या तोंडाशी थांबतो आणि वाहत येणारे अन्न टिपतो. वेगवान आणि संथ पाण्याच्या मधली रेघ पृष्ठभागावरच्या फेसावरून दिसते. आमिष त्या रेघेच्या संथ बाजूला सोडावे.

काठातून झरा पाझरत असेल, तर ती जागा सोडू नका. भूजलाचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, म्हणून थंडीत ते नदीपेक्षा कोमट असते. ट्राउटच्या नद्यांचा हिशेब मात्र निराळा. गार पाणी हाच त्याचा मुक्काम असल्याने रोहू गप्प बसतो त्या तापमानालाही तो खातो. वर धरण असेल, तर विसर्गाची वेळ विचारूनच पात्रात उतरावे.

उत्तर ३ : जुना गळकरी

हवेचा दाब बदलला की मासा लागत नाही, असा विषय आता कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच लिहितो. दाब १० हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) बदलणे म्हणजे माशाने सुमारे १० सेंटिमीटर वर किंवा खाली होणे, आणि तेवढे तर तो सहज करत असतो. दाबापेक्षा त्याच्याबरोबर बदलणारे ऊन, वारा आणि ढग पाहावेत, असे माझे मत आहे.

काठावरचा

तिघांचेही आभार. दुपारी काठावर बसून पाहतो. पाणी इतके नितळ असताना तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) किती जाडीचा घ्यावा?

डोहकाठ

माशाच्या वजनाला झेपेल त्यातला सर्वांत बारीक घ्या, आणि सूर्य पाठीशी येणार नाही असे बसा, म्हणजे तुमची सावली पाण्यावर पडणार नाही. गळाच्या दोरीवरचे तरंगते बूचही लहान ठेवा. थंडीत मासा बूच खसकन खाली नेत नाही. ते जागच्या जागी किंचित थरथरते, तिरके होते किंवा बोटभर सरकून थांबते. शिसे तळाशी टेकलेले असेल, तर माशाने आमिष उचलल्यावर बूच वर येऊन आडवे पडते. हिसका त्याच क्षणी द्यावा, ते बुडण्याची वाट पाहू नये.