एक्सपीचं जुनं मशीन व्हर्च्युअलबॉक्समध्ये घेतलं, पण निळ्या स्क्रीनवर ७बी येऊन थांबतं

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. चिपळूणला आमचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल आणि दरवर्षी एक दिवाळी अंक. २००४ पासूनचं सगळं काम एकाच कॉम्प्युटरवर झालंय: पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क, विंडोज एक्सपी, पेजमेकर ७. मराठी फॉन्टचं पॅकेज तेव्हाचंच, त्याचं लॉक (पॅकेज विकत घेतलंय हे दाखवणारं छोटं उपकरण) मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेलं.

२२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं सगळं गेलं. कागदाची रिमं फुगून दारात अडकली होती, कटिंग मशीन महिनाभर बंद. हा कॉम्प्युटर माळ्यावर होता म्हणून राहिला. तेव्हापासून बाबा त्याला कुणाला हात लावू देत नव्हते. गेल्या महिन्यात डिस्कमधून टकटक ऐकू यायला लागली, तेव्हा तेच म्हणाले, आता काहीतरी कर.

नुसत्या फाइली काढून भागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये नाही, दुसरीकडे उघडला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. म्हणून अख्खं मशीनच जसंच्या तसं व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) उचलायचं ठरवलं. डिस्क काढून आयडीई-यूएसबी कनव्हर्टरने लिनक्सच्या लॅपटॉपला जोडली आणि डीडीरेस्क्यूने (बिघडलेली डिस्क वाचणारं सॉफ्टवेअर) इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घेतली. पहिल्यांदा इमेज ४ जीबीलाच अडकली, कारण बाहेरची डिस्क फॅट३२ होती. ती एनटीएफएस केल्यावर पूर्ण झाली, तीन ठिकाणचे थोडे सेक्टर सोडून. मग माझ्या विंडोज १० च्या लॅपटॉपवर तिची व्हीडीआय (व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क-फाइल) करून नवीन मशीनला लावली. एक्सपीचा लोगो येतो, पट्टी दोनदा सरकते, मग निळी स्क्रीन आणि शेवटी ७बी. सेफ मोडमध्येही तेच. कुठे चुकतंय?

पेचकस

ताई, सगळ्यात आधी: मूळ डिस्क आता परत त्या मशीनला लावून चालू करू नका. टकटक म्हणजे हेड वाचायला धडपडतंय. चेकडिस्क तर मूळ डिस्कवर अजिबात चालवू नका, चालवायचीच तर इमेजच्या प्रतीवर. डीडीरेस्क्यूची मॅप फाइल (कुठले सेक्टर वाचले, कुठले राहिले याची नोंद) जपून ठेवा. ती असली तर राहिलेले सेक्टर नंतर परत वाचून बघता येतात, सुरुवातीपासून करावं लागत नाही.

७बी चा अर्थ इतकाच की विंडोजचा कर्नल चढला, पण पुढे ज्या डिस्कवरून सगळं वाचायचं ती त्याला दिसत नाही. तुम्ही डिस्क साटा (आयडीईनंतरची नवी जोडणी) कंट्रोलरला लावली असणार. एक्सपीकडे त्याला लागणारा एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात नसतो. स्टोरेजमध्ये जाऊन ती आयडीईला लावा आणि प्रकार पीआयआयएक्स४ (इंटेलचा जुना आयडीई कंट्रोलर) ठेवा.

वाशिष्ठीकाठ

साटाच होती. आयडीईला लावली, पीआयआयएक्स४ निवडलं. तरी ७बी.

पेचकस

मग मदरबोर्डवरच्या चिपवर काय छापलंय ते बघून सांगा. प्रोसेसरजवळची पंख्याखालची नको, डिस्कच्या केबलजवळची चौकोनी.

वाशिष्ठीकाठ

धूळ पुसून बघितलं. व्हीआयए, व्हीटी८२३७.

पेचकस

सापडलं. एक्सपी बसवताना समोर जो आयडीई कंट्रोलर दिसतो, त्याचीच नोंद तो बूटसाठी करून ठेवतो. तुमच्या एक्सपीने जन्मभर व्हीआयएची चिप पाहिली. व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यापुढे इंटेलची ठेवतो, आणि तिची ओळख रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) नाही.

मशीन धड असतं तर त्याच्यावरच मर्जआयडीई (इतर आयडीई कंट्रोलरच्या नोंदी रजिस्ट्रीत घालणारी छोटी फाइल) चालवून मग इमेज घ्या म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत ते बाहेरून करावं लागेल. कच्ची इमेज बाजूला ठेवा, तिला हात नको. तिच्यापासून एक व्हीएचडी (विंडोजला डिस्कसारखी जोडता येणारी फाइल) बनवा आणि विंडोज १० च्या डिस्क मॅनेजमेंटमधून अटॅच करा. रेजएडिटमध्ये एचकेएलएमवर उभं राहून 'लोड हाइव्ह' करा, त्या डिस्कवरच्या सिस्टम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरातली 'सिस्टम' नावाची फाइल निवडा, नाव द्या 'जुना'.

इथे पुष्कळ जण फसतात. बंद विंडोजच्या रजिस्ट्रीत 'करंट कंट्रोलसेट' नसतोच, तो मशीन चालू झाल्यावर तयार होतो. 'सिलेक्ट'खाली 'करंट'चा आकडा बघा. १ असेल तर कंट्रोलसेट००१ मध्ये काम करायचं. मर्जआयडीईची नोंद-फाइल नोटपॅडमध्ये उघडून तिच्यातला रस्ता त्याप्रमाणे सगळीकडे बदला, मग मर्ज करा. तसंच मर्ज केलंत तर नोंदी तुमच्या विंडोज १० मध्येच जातील, तेवढं सांभाळा. नंतर दोन गोष्टी डोळ्यांनी तपासा: क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेसमध्ये इंटेल ८०८६, डिव्हाइस ७१११ ची ओळ आली का, आणि सर्व्हिसेसमध्ये इंटेलआयडीईचा 'स्टार्ट' शून्य आहे का. ड्रायव्हर्स फोल्डरात इंटेलआयडीईची सिस फाइलही हवी. नसली तर विंडोजच्या 'ड्रायव्हर कॅश'मधल्या ड्रायव्हर डॉट कॅबमधून काढा, बाहेर कुठे शोधायची गरज नाही. शेवटी हाइव्ह अनलोड, डिस्क डिटॅच, आणि मगच मशीन चालू.

देवनागरी_टंक

एक्सपीच्या सीडीवरून रिपेअर इन्स्टॉल करूनही हे सुटतं, पण पेचकस म्हणतात तोच रस्ता धरा. रिपेअरमध्ये जुन्या सीडीचा सर्व्हिस पॅक परत येतो आणि काय काय मागे जाईल सांगता येत नाही.

वाशिष्ठीकाठ

रात्री अडीचला जमलं, पण आधी आणखी एक अडचण आली. ७बी गेलं, पण लोगोनंतर स्क्रीन काळी ती काळीच. मशीनच्या सिस्टम सेटिंगमध्ये आयओ एपीआयसी बंद होतं, ते चालू केल्यावर डेस्कटॉप आला. बाबांनी लावलेला गणपतीचा वॉलपेपरसुद्धा तसाच.

पेजमेकर उघडतो. २००४ चा दिवाळी अंक पानन् पान दिसतोय, फॉन्ट नीट. फक्त फॉन्टच्या पॅकेजचा कीबोर्ड चालत नाही, 'लॉक सापडत नाही' म्हणतो. यूएसबीला प्रिंटर पोर्ट लावायची केबल आणून जोडली, उपयोग झाला नाही.

पेचकस

काळ्या स्क्रीनचं तुम्हीच शोधलंत, शाबास. जुन्या एक्सपीचा एचएएल (विंडोज आणि हार्डवेअर यांच्यामधला भाग) एपीआयसी धरून बसवलेला असला की ते चालूच लागतं.

ती केबल दुकानात परत करा. ती फक्त प्रिंटरसाठी असते. लॉक तपासणारं सॉफ्टवेअर ३७८ या पत्त्यावरच्या पोर्टशी थेट बोलतं, आणि ही केबल तसा पोर्ट तयारच करत नाही. पॅकेज तुमचं विकत घेतलेलं आहे, तर बिल घेऊन कंपनीकडे लॉक यूएसबीत बदलून मिळतं का विचारा. यूएसबी लॉक असलं तर फिल्टर लावून व्हर्च्युअल मशीनला देता येतं. एक्सपीचा परवाना ओईएम (कॉम्प्युटरबरोबरच आलेला) असेल तर तो त्या जुन्या डब्याशीच बांधलेला असतो, तेही बघून घ्या. आणि नेटवर्क कार्ड बंद ठेवा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय.

देवनागरी_टंक

लॉक मिळेपर्यंत थांबू नका. फाइली उघडतायत तोवर प्रत्येक अंकाची पीडीएफ काढा, फॉन्ट आत बसवून. युनिकोडमध्ये नेताना तीच तुमची मूळ प्रत ठरेल. या जुन्या फॉन्टांत मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये बदलणारा कनव्हर्टर बहुतेक सरळ करतो, पण 'र्त्स्य' किंवा 'ऱ्हा' आलं की चुकतो, आणि मग 'वऱ्हाड'चं भलतंच काहीतरी होतं. मी आजोबांची १८० पानं अशी तपासली आहेत. पीडीएफ शेजारी उघडी ठेवल्याशिवाय तपासणं होत नाही.

आणि एक प्रत चिपळूणबाहेर ठेवा.

वाशिष्ठीकाठ

केलं. कच्ची इमेज, मॅप फाइल आणि चालणारं व्हीएचडी, तिन्ही एका डिस्कवर घालून बहिणीबरोबर साताऱ्याला पाठवलंय. आज २००५ च्या अंकाची पीडीएफ काढतेय. त्या वर्षी २६ जुलैला इथे पूर आला होता, आणि अंकात त्यावरच्या सहा कविता आहेत. त्यांतल्या दोघांकडे स्वतःची प्रतसुद्धा उरलेली नाही. त्यांना आधी छापून देणार आहे.