आरक्षण 'पडतं', 'टाकतात' की 'दाखवतात'?

कोपरीकर
ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या फलकासाठी मी एक मजकूर लिहिला: "नव्या विकास आराखड्यात आपल्या मागच्या मोकळ्या जागेवर आरक्षण पडले आहे. हरकती व सूचना मुदतीत द्याव्यात." आरक्षण म्हणजे ती जागा मैदान, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी ठरवणं. सेक्रेटरी म्हणाले, 'पडले' बोलायला ठीक आहे, लिहिताना 'टाकले' हवं. शेजारच्या ताईंचं म्हणणं, सरकारी सूचनेत 'दर्शविले' असतं, तेच लिहा. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि हरकत द्यायची, घ्यायची की नोंदवायची?

निवृत्त आरेखक
तिन्ही शब्द चालतात, पण बोलणारा बदलतो.

'दर्शविले' हा नकाशा काढणाऱ्याचा शब्द. माझी सगळी नोकरी नगररचनेत, आरेखनाच्या टेबलावर गेली. ट्रेसिंगच्या कापडावर आधी सर्व्हे नंबरांच्या हद्दी उतरायच्या, मग आज जमिनीवर काय आहे ते, आणि सगळ्यात शेवटी प्रस्ताव. रहिवासाला पिवळा रंग. म्हणूनच लोक अजून "आमची जागा यलो झोनला आहे" असं म्हणतात. आरक्षणाच्या भोवती जाड रेघ, आत क्रमांक आणि हेतू: खेळाचं मैदान, प्राथमिक शाळा, दवाखाना. अहवालात त्याचंच वाक्य व्हायचं, "आरक्षण दर्शविण्यात आले आहे". कागदावर काय दिसतं तेवढंच हा शब्द सांगतो. ती रेघ या सर्व्हे नंबरावर का आली, शेजारच्या नंबरावर का नाही, याबद्दल तो गप्प राहतो.

'टाकले' म्हटलं की टाकणारा कोण हा प्रश्न आपोआप येतो. 'पडले' मध्ये कर्ता उरतच नाही. पाऊस पडतो, दरोडा पडतो, धाड पडते, तसं आरक्षण पडतं. कुणाच्या सहीने, कोणत्या सभेत, हे विचारायची सोय त्या क्रियापदात नाही. तुम्ही 'टाकले' लिहा आणि कुणी टाकले तेही लिहा.

वाशीची अनुवादिका
काकांच्या यादीत भर घालते. रस्ता 'जातो': "आमच्या चाळीवरून डीपी रोड जातोय." (डीपी म्हणजे विकास आराखडा.) घरही 'जातं': "दुकान रुंदीकरणात गेलं." सरकारी कागदात तेच घर 'बाधित' होतं. बाधा भुताची होते, रोगाची होते; 'कोरोनाबाधित' आपण अगदी अलीकडे वापरलं. रस्त्याची आखणी माणसं करतात, तरी शब्द आजाराचा.

आता हरकतीबद्दल. शब्द मूळचा अरबी, तिथे अर्थ हालचाल. हिंदीत हरकत म्हणजे नको ते वागणं. आपल्याकडे गाणाऱ्याच्या गळ्यात हरकती असतात आणि तिथे तो हालचालीचा अर्थ अजून जिवंत आहे. बाकी मराठीत मात्र हरकत म्हणजे अडथळा, आक्षेप. गंमत अशी की रोजच्या बोलण्यात हा शब्द बहुतेक नकारासोबतच येतो: "काही हरकत नाही", "ना हरकत दाखला". हरकत आहे असं ठामपणे म्हणायची सवय जिभेला नाही. म्हणून मी 'हरकत घेणे' हेच वापरते, त्यात माणूस उभा राहतो. 'नोंदवणे' ही त्याच्या पुढची कारकुनी पायरी. 'देणे' मात्र कानाला खटकतं. सूचना द्यावी, हरकत घ्यावी.

'सुनावणी' कडेही बघा. सुनावणे म्हणजे ऐकवणे. शिक्षा सुनावतात, रागावून चार शब्दही सुनावतात. सुनावणीत आपलं म्हणणं ऐकलं जावं अशी अपेक्षा असते, आणि शब्द बोलणाऱ्याच्या बाजूचा आहे. तो हक्काने वापरावा. सुनावणीला जायचं ते सुनवायला, नुसतं हजेरी लावायला नाही.

घणसोली गाव
आमच्या घरात आजोबांपासून एकच वाक्य ऐकलं, "जमीन सिडकोत गेली". घेतली असं कुणी म्हणत नाही. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० साली स्थापन झालं. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली आणि आम्ही 'प्रकल्पग्रस्त' झालो. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त आणि त्याच रांगेत प्रकल्पग्रस्त. पूर कुणी मंजूर करत नाही, प्रकल्प मंजूर होतो. म्हणून आमच्याकडची पोरं 'भूमिपुत्र' म्हणवून घेतात. मला दोन्ही शब्द हवेत. पहिला कागदाला लागतो, दुसरा आम्हाला.

'साडेबारा टक्के' हे तर इथे नामच झालंय: "आमचं साडेबारा टक्के अजून आलं नाही." १९८४ च्या जानेवारीत प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या जासई-दास्तानफाट्याच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यामागून ही योजना आली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापले जातात आणि हातात पावणेनऊ टक्के राहतात. नाव साडेबाराचं राहिलं.

आणि 'गरजेपोटी'. गावठाणाच्या हद्दी वाढल्या नाहीत, घरातली माणसं वाढली, म्हणून भावाभावांनी गावालगत घरं बांधली. कागदात ती अनधिकृत ठरली. बऱ्याच मोर्चांनंतर शासन निर्णयांत शब्द आला, 'गरजेपोटी बांधलेली घरे'. रागापोटी, भीतीपोटी, तसंच गरजेपोटी, म्हणजे आतल्या कारणाने. घर का बांधलं हे सांगणारा सरकारी कागदातला हा एकच शब्द मला माहीत आहे. तो आमच्या भाषेतून वर गेला.

वाशीची अनुवादिका
दादा, 'गरजेपोटी' चं तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. मी आजवर त्याचं भाषांतर 'अनधिकृत' च्या जवळचं करत होते, ते आता करणार नाही. आणि गावठाण मधलं 'ठाण' म्हणजे स्थान. ठाण्याचं नावही तिथूनच, शिलाहारांच्या लेखांतलं श्रीस्थानक.

नौपाडा
मला 'टाकले' पटत नाही. त्यात तक्रारीचा सूर आहे, जणू आरक्षण म्हणजे संकट. ज्याची जागा आहे त्याला ते संकट वाटेल. पण समोरच्या दोनशे घरांतल्या मुलांना ते मैदान हवंय. जुना मराठी शब्द आहे 'राखीव'. राखणे म्हणजे सांभाळणे. "मैदानासाठी जागा राखून ठेवली" असं लिहून बघा, त्याच रेघेचा अर्थ बदलतो.

कोपरीकर
राखीव हा शब्द सुचलाच नव्हता. पण मग राखणारा कोण? आमच्याकडे २०२४ मध्ये प्रारूप (कच्चा) आराखडा आला तेव्हा नगरसेवकच नव्हते.

न्यायालयीन कामकाज करणारी
कायद्यातला कर्ता 'नियोजन प्राधिकरण' हा आहे. हा शब्द १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातला. ठाण्यात ते प्राधिकरण म्हणजे महापालिका. नवी मुंबईत महापालिका १९९२ मध्ये झाली, पण जमिनीची मालकी आणि आधीचं नियोजन सिडकोचं. तिथे महापालिकेचा स्वतःचा प्रारूप आराखडा लोकांसमोर यायला २०२२ चा ऑगस्ट उजाडला. त्यात सिडकोच्या मोकळ्या भूखंडांवर आरक्षणं होती आणि सिडकोनेच त्यांना हरकत घेतली. सरकारी महामंडळही हरकत घेतं, तेव्हा नागरिकाने संकोचायचं कारण नाही.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती मागवतात, मग नियोजन समिती सुनावणी घेते. त्या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. शेवटची मंजुरी राज्य शासनाची. शासन मंजुरी देताना बदलही करू शकतं. बदल मोठा असेल तर त्याला 'सारभूत स्वरूपाचे फेरबदल' म्हणतात आणि त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. हा शब्द दिसला की सावध व्हा, कारण आपण पहिल्या वेळी घेतलेली हरकत त्याला पुरत नाही.

नगरसेवकांचं म्हणाल तर नवी मुंबईच्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली, ठाण्याची २०२२ मध्ये. दोन्ही प्रारूप आराखडे शासनाने नेमलेल्या प्रशासकाच्या काळात आले. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली, तिच्यात पालिकांच्या विषयांत पहिलीच नोंद नगर नियोजनाची आहे. हे काम लोकांनी निवडलेल्यांचं असावं असं तिथे अभिप्रेत आहे. निवडलेलं कुणी नसताना आराखडा येतो तेव्हा 'प्राधिकरण' या शब्दामागे एकच खुर्ची उरते. हे मला मान्य नाही. म्हणून तुमच्या फलकावर "महापालिका प्रशासनाने" असं स्पष्ट लिहा. ते वस्तुस्थितीला धरून आहे.

निवृत्त आरेखक
नौपाडाकरांचा 'राखीव' मलाही पटला. फक्त एक जोड देतो. आरक्षण जसं पडतं तसं ते 'उठतं' ही. कागदी शब्द 'व्यपगत होणे'. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण व्यपगत होतं. मैदान नकाशावरच राहून अशा तऱ्हेने सुटलेलं मी पाहिलंय. उठवणारा इथेही वाक्यात दिसत नाही, पण मुदतभर स्वस्थ बसलेलं कुणीतरी असतंच.

तेव्हा कोपरीकर, तुमच्या सोसायटीला ते मैदान हवं असेल तर आक्षेपच घ्यायला हवा असं नाही. 'हरकती व सूचना' मधल्या दुसऱ्या शब्दाखाली अर्ज करा: सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, "हे आरक्षण कायम ठेवावे" एवढी ओळ आणि जितकी घरं तितक्या सह्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला विसरू नका.